भावाच्या अर्जाला जोडलेलं पत्र

पत्र लिहिण्याच्या बाबतीत मी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते. लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी सव्वीस वर्षं मेडिकल सेक्रेटरी आहे, त्यातली एकोणीस हाडांच्या विभागात. डॉक्टर लोक पेशंट तपासतात आणि एका यंत्रात काहीतरी पुटपुटतात. त्या पुटपुटण्याचं नीट पत्र करून जीपीकडे, म्हणजे पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, पाठवायचं, हे माझं काम. कानात हेडफोन, पायाखाली ते पुटपुटणं थांबवायचं-चालवायचं पेडल. आमचे कन्सल्टंट, म्हणजे विभागातले मोठे डॉक्टर, एक वाक्य अर्ध्यावर सोडून खोकतात आणि खोकून झालं की भलत्याच माणसाच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागतात. पण जीपीच्या हातात पडतं ते पत्र सुतासारखं सरळ असतं, आणि ते सरळ कोण करतं हे हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या मराठी मंडळात ही कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. कुणाला उन्हाळ्यात आईबाबांना बोलवायचं असतं, कुणाच्या सासूबाईंचा व्हिसा मागच्या खेपेला नाकारलेला असतो. नवीन आलेली डॉक्टर मुलं-मुली फोन करतात, "काकू, प्लीज तेवढं स्पॉन्सर लेटर बघता का? तुमचं लेटर असलं की टेन्शन नसतं." मी थोडे आढेवेढे घेते, पण फार नाही. मग रविवारी ती मंडळी कागदांची चळत घेऊन येतात आणि मी त्याची फाइल करते. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, वर अनुक्रमणिका, आणि सगळ्यांत वर माझं पत्र.

माझा एक नियम होता. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. जे खरं आहे तेच लिहायचं, पण त्यातलं कुठलं आधी घ्यायचं, कुठलं नंतर आणि कुठलं घरीच ठेवायचं, हे आपण ठरवायचं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याचा जीव कळवळला पाहिजे. माझ्या पत्रावर एकच व्हिसा नाकारला गेला आणि तो नेमका माझ्या स्वतःच्या आईचा, असं मी लोकांना सांगत असे. लोक हळहळायचे.

आता जिच्याबद्दल सांगायचं आहे ती माझी मैत्रीण. आमच्याच विभागात वॉर्ड सिस्टर. दक्षिण आफ्रिकेतली, गोरी, घरी आफ्रिकान्स बोलणारी. आफ्रिकानर म्हणतात त्या लोकांतली. वीसेक वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आमच्या ऑफिसात कागद मागायला आली आणि कुठली ते कळलं, तेव्हा मला काही ती आवडली नव्हती. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हाच्या माझ्या पासपोर्टवर स्पष्ट छापलेलं होतं की हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेला जायला चालणार नाही. तिथल्या गोऱ्या सरकारवर आपला बहिष्कार होता. ते मी तिला त्याच आठवड्यात ऐकवलं, मुद्दाम. ती म्हणाली, "बरोबर केलं तुमच्या सरकारने. माझ्या वडिलांसमोर मात्र हे मला बोलता आलं नसतं." मी तिला चहा दिला.

तिने डब्यातून घरी भाजलेले ताकाचे टोस्ट काढले, दगडासारखे कडक, आणि एक चहात चांगला तीन बोटं बुडवला. इंग्रज माणसं बिस्किट बुडवतात ती भीत भीत, जणू बघून कुणी ओरडेल. हिने बुडवला तो साताऱ्याला माझी आई खारी बुडवायची तसा. आमची मैत्री तिथून सुरू झाली. पुढे कळलं की ती आईशी फोनवर बोलताना कधी 'तू' म्हणत नाही आणि 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाही. "आईने औषध घेतलं का? आईला थंडी वाजते का?" असं म्हणते. त्यांच्यात वडीलधाऱ्यांशी तसंच बोलतात. आमच्या अहो-जाहोच्याही वर कडी केलेली पाहून मला फार बरं वाटलं होतं.

मागच्या वर्षी अमेरिकेने आफ्रिकानर लोकांना निर्वासित म्हणून घ्यायला सुरुवात केली. आमच्या मंडळात त्यावर चिकार थट्टा झाली. "गोरे रेफ्युजी, व्हॉट नेक्स्ट?" असं एकजण म्हणाले आणि मीही हसले. जगभरची माणसं वर्षानुवर्षं तंबूत बसून वाट बघत असताना यांच्यासाठी विमान, हे मला पटलेलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. एवढं मत असूनसुद्धा मी पुढे जे केलं ते केलं.

एका शनिवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला की येऊन जा. तिचं घर आमच्यापासून बसने दहा मिनिटांवर. स्वयंपाकघरात ती टेबलाशी बसली होती आणि टेबल लख्ख पुसलेलं होतं. ती अस्वस्थ असली की पुसत सुटते. तिने माझ्यासमोर फोन सरकवला. तिच्या भावाचा निरोप होता, आणि तो तिने मला इंग्रजीत करून सांगितला.

भाऊ तिकडे वडिलांच्या शेतावर राहतो. बायको, दोन मुली आणि एक्याऐंशी वर्षांची आई. सगळ्यांचा मिळून त्याने अमेरिकेत निर्वासित म्हणून जाण्यासाठी अर्ज केला होता. मुलाखतीला जाताना त्याला बहिणीचं एक पत्र हवं होतं. वीस वर्षांपूर्वी तू देश सोडलास तो वडिलांवर झालेल्या हल्ल्यामुळे, जिवाच्या भीतीने, असं लिहून सही कर, असं त्याचं म्हणणं. असं पत्र लागतं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण घरातलंच एक माणूस आधीच भीतीने पळालेलं आहे म्हटलं की आपली बाजू भक्कम होईल, असा त्याचा समज होता. निरोपाच्या शेवटी होतं, "नाही लिहिलंस आणि आम्ही अडकलो तर ते तुझ्यामुळे. मग या घरात फोन करू नकोस."

"आई त्याच्याच घरी आहे," ती म्हणाली. "दर रविवारी मी आईशी बोलते. तेवढंच उरलंय माझं तिकडे."

"मग लिहू या की," मी म्हणाले. "सांग काय झालं ते."

मी पिशवीतून वही काढली. ती बोलत गेली आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवत गेले. नवऱ्याला लीड्समध्ये नोकरी लागली म्हणून ती दोघं इकडे आली. तीन वर्षांनी, एका भर दुपारी, चार माणसं शेतावरच्या घरात शिरली. वडिलांच्या डोक्यात लोखंडी गज घातला, आई आणि भावाला एका खोलीत कोंडलं, बंदूक आणि गाडी घेऊन गेली. घरात काम करणारी एक काळी बाई होती, पंधरा वर्षं त्यांच्याकडे असलेली. तिने टेबलावरची चादर फाडून वडिलांचं डोकं बांधलं, खोलीचं दार उघडलं आणि शेजारच्या शेतावर तीन मैल पायी जाऊन माणसं आणली. वडील वाचले. त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण बोलणं अडखळायचं. भाऊ त्या दिवसापासून कधी धड झोपला नाही. खिडक्यांना गज, दाराला तीन कुलपं, कुत्रे, कुंपणात वीज.

"त्याची भीती खरी आहे," ती म्हणाली. "तो नाटक करत नाहीये."

मी घरी आले आणि जेवणसुद्धा न घेता लिहायला बसले. असलं साहित्य हाताशी आल्यावर माझ्यासारखीला काय हवं! दीड पानाचं पत्र झालं. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त क्रम बदलला. पहिल्या परिच्छेदात वडिलांचं रक्त, दुसऱ्यात कोंडलेली आई, तिसऱ्यात गज आणि कुलपं, आणि चौथ्यात, "मी आता लीड्समध्ये राहते आणि माझ्या जन्मगावी परत जाऊ शकत नाही." परत जाऊ शकत नाही हे खरंच होतं, रजा कुठे मिळते तिला. तिचं इकडे येणं आधी की हल्ला आधी, ते पत्रात कुठेच आलं नाही. वाचणारा आपोआप समजला असता की हल्ला झाला आणि पोरगी पळाली. काम करणाऱ्या बाईला मी गाळलं. त्या बाईमुळे पत्राचा जोर कमी होत होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात मी ते वाचून दाखवलं, उभी राहून. मला सांगायला लाज वाटते, पण शेवटच्या वाक्याला माझा स्वतःचाच आवाज कापरा झाला.

तिने पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग तिने विचारलं, "ती कुठे आहे?"

"कोण?"

"जिने बाबांचं डोकं बांधलं ती."

मी तिला समजावून सांगितलं की पत्र आणि आठवणी या दोन वेगळ्या गोष्टी. ती बाई आली की वाचणारा म्हणणार, मग तिथे चांगली माणसंही होती की. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि मी कधी आले ते यात नाही."

"तारीख कुणी मागितलेली नाही."

"माझ्या वॉर्डात एक हेल्थकेअर असिस्टंट आहे," ती म्हणाली. "निर्वासित, बोटीतून समुद्र ओलांडून आली. बोटीत निघालेले सगळे पोचले नाहीत. सकाळी ड्युटी बदलताना हँडओव्हरला ती माझ्या समोर बसते. हे पत्र लिहून मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? भावाची भीती त्याची आहे, त्याने सांगावी. मी ती उसनी घेऊन आपली म्हणून कशी दाखवू?"

मला राग आला. शनिवार मोडून, जेवणावर पाणी सोडून मी लिहिलेलं, आणि ही बाई मला तत्त्वज्ञान शिकवते. मी म्हणाले, "आईचा आवाज ऐकायचाय की नाही तुला? ठरव एकदा. लोक याच्याहून कितीतरी जास्त लिहितात." मी पत्र टेबलावर ठेवून निघाले आणि बसस्टॉपवर उभी राहून वीस मिनिटं मनातल्या मनात तिच्याशी भांडले.

घरी आमची मुलगी एडिनबराहून दोन दिवसांसाठी आलेली होती. इथेच जन्मलेली, तिथे बँकेत नोकरी करते. मी तणतणत सगळं सांगितलं. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "तुमचं पत्र कुणी परत केलं म्हणजे नवलच." मी म्हटलं, "अहो, तुम्ही तरी गप्प बसा." मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "आई, तू आजीचा लेटर पण असाच लिहिला होता ना? आणि आजीने रेफ्यूज केली. होम ऑफिसने नाही."

होम ऑफिस म्हणजे इथलं व्हिसा देणारं सरकारी खातं. आमच्या घरात ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. आता सांगते.

माझे वडील गेल्यानंतर आई साताऱ्याला एकटी राहत होती. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेली बाई. तिला कायमचं इकडे आणायचं मी ठरवलं, पण म्हाताऱ्या आईवडिलांना आणायचे इथले नियम तोपर्यंत फार कडक झाले होते. माणूस रोजची साधी कामंही स्वतः करू शकत नाही आणि त्याच्या देशात त्याची सोय होऊ शकत नाही, हे दाखवावं लागतं. मी माझ्या पद्धतीने पत्र केलं. आई एकदा आंघोळीला जाताना घसरली होती आणि पंधरा दिवस शेजारीण मदतीला येत होती. त्या पंधरा दिवसांचं मी काय केलं असेल ते सांगायला नको. उन्हाळ्यात मुलीला घेऊन साताऱ्याला गेले आणि फाइल आईपुढे ठेवली, सही करायला.

आई न वाचता सही करणाऱ्यातली नव्हती. चष्मा लावला आणि चारही पानं वाचली, इंग्रजी तिचं चांगलं होतं. मग चष्मा काढून म्हणाली, "ही बाई कोण? मी रोज सकाळी किल्ल्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन येते, आणि तू इथे मला दुसऱ्याच्या हातून आंघोळ घालतेस?"

"आई, असं लिहिलं नाही तर ते घेणार नाहीत."

"मग नको घेऊ देत," आई म्हणाली. "मला तुझ्याकडे यायला आवडलं असतं गं. पण अशी नाही. इतकी वर्षं ताठ राहिले ती काय शेवटी एका शिक्क्यासाठी लुळी होऊ?" तिने पेनाला टोपण लावलं.

मी अर्ज कधी पाठवलाच नाही. इकडे येऊन सगळ्यांना सांगितलं की नाकारला. तेव्हा मला आईचा भयंकर राग आला होता. हट्टी, अडाणी, आपल्या पोरीपेक्षा मान मोठा वाटणारी. ती पुढे पाच वर्षं एकटी राहिली आणि एका सकाळी तिच्या घरी, तिच्या पलंगावर गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. शेजारीण म्हणाली, आदल्या दिवशी संध्याकाळी आंघोळ करून, केस विंचरून बसल्या होत्या, कुणाचा हात लागला नाही. ते ऐकून मी ओक्साबोक्शी रडले होते, आणि कशासाठी रडले ते मला त्या दिवशी मुलीसमोर बसून पहिल्यांदा नीट कळलं. मला आईचा अभिमान वाटला होता. तो मी इतकी वर्षं रागाखाली दाबून ठेवला होता.

सोमवारी लंच-ब्रेकमध्ये मी वॉर्डावर गेले. मैत्रिणीला बाजूला घेतलं आणि आधी माफी मागितली, मग आईचं सगळं सांगितलं, मंडळात मारलेली थापसुद्धा. ती ऐकून म्हणाली, "तुझी आई माझ्या आईला आवडली असती."

"तू सांग, मी टाइप करते," मी म्हणाले. "एक शब्द बदलणार नाही."

हे मला किती जड गेलं ते तिला ठाऊक नसावं. संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ती माझ्या ऑफिसात आली, युनिफॉर्मवरच. खिडकीशी उभी राहून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. ते असं होतं:

"मी वीस वर्षांपूर्वी देश सोडला, कारण माझ्या नवऱ्याला लीड्समध्ये नोकरी मिळाली आणि आम्हा दोघांना यायचं होतं. मी घाबरून आले नाही. मी आल्यावर तीन वर्षांनी आमच्या घरात चार माणसं शिरली आणि माझ्या वडिलांना मारलं. मी तिथे नव्हते. माझी आई आणि भाऊ होते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईने वडिलांचं डोकं बांधलं आणि तीन मैल चालत जाऊन मदत आणली, म्हणून ते वाचले. त्या दिवसापासून माझा भाऊ नीट झोपलेला नाही. हे मी इतकी वर्षं ऐकते आहे आणि ते खरं आहे. त्याच्या भीतीबद्दल त्याला विचारा. आईला विचारा. मला एवढंच माहीत आहे."

माझी बोटं शिवशिवत होती. 'मी घाबरून आले नाही' हे वाक्य दुसरं घेऊ नये, निदान शेवटी न्यावं, असं तिला सांगावंसं वाटत होतं. मी जीभ चावून बसले. तिने सही केली, मी स्कॅन केलं आणि तिने भावाला पाठवलं. वर एक ओळ लिहिली की याहून जास्त मी लिहू शकत नाही, तुझी बहीण.

उत्तर आलं नाही. पहिल्या रविवारी तिने फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्या रविवारी लावला, उचलला नाही. तिसऱ्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. फोन बराच वेळ वाजत राहिला आणि बंद झाला. तिने तो पिशवीत ठेवला आणि मला थालीपिठाची कृती विचारली, जी तिला आधीपासून येते. वॉर्डवर मात्र ती तशीच होती, बेडची चादर एक इंच वाकडी असली तर परत घालायला लावणारी. एकदाच मला म्हणाली, "आईला वाटत असेल, मीच फोन करत नाही." मला खूप वाटलं की हे माझ्या हातून झालं. मी जर पहिल्या दिवशीच शहाण्यासारखी वागले असते तर तिला निदान भावाशी बोलायला वेळ मिळाला असता. खरं तर त्याने काही फरक पडला नसता, पण असल्या वेळी मन कुठेतरी आपला दोष शोधतंच.

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी, ती अकरा वाजता माझ्या ऑफिसात आली. वॉर्ड सोडून ती कधी येत नाही. तिने फोन माझ्यासमोर धरला. भावाने एक फोटो पाठवला होता, तिच्याच पत्राचा, छापून काढलेल्या. तिच्या सहीच्या खाली निळ्या शाईने, थरथरत्या हाताने, आफ्रिकान्समध्ये तीन ओळी लिहिलेल्या होत्या.

"आईचं अक्षर आहे," ती म्हणाली, आणि मला वाचून दाखवलं. "हे सगळं खरं आहे. मी तिथे होते. त्या बाईचं नाव लिहायचं राहिलं आहे." आणि पुढे त्या बाईचं नाव होतं, आडनावासकट, ठळक अक्षरात. खाली आईची सही.

"आडनाव मला माहीत नव्हतं," मैत्रीण म्हणाली. "आईशप्पथ सांगते, पंधरा वर्षं ती आमच्या घरात होती आणि मला माहीत नव्हतं."

भावाने फोटोखाली लिहिलं होतं की पत्र त्याने टेबलाच्या खणात टाकलं होतं, ते आईला सापडलं. हे जोडणार नसशील तर मी माझ्या फॉर्मवर सही करणार नाही, असं आईने सांगितलं. म्हणून जोडलं. बाकी काही नव्हतं, रागही नाही आणि आभारही नाहीत.

मी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा पाहिल्या. आफ्रिकान्स मला कळत नाही, पण पत्र कळतं. सव्वीस वर्षांत इतकं चांगलं पत्र माझ्या हातून गेलेलं नाही, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा असा काही अभिमान वाटला, जणू ती आमच्या साताऱ्याचीच. मैत्रीण ताठ उभी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दारातून आमचे कन्सल्टंट डोकावले, पाहिलं आणि न खोकता निघून गेले.

पुढचं थोडक्यात. त्यांची मुलाखत झाली आणि काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. पत्राचा उपयोग झाला की नाही, कुणी वाचलं तरी की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. भावाचा प्रश्न होता, तो सुटला. मी माझं मत बदललेलं नाही, पण तो माणूस एकदाचा झोपेल म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं.

ती मंडळी अमेरिकेला निघायच्या आदल्या रविवारी मैत्रीण आमच्याकडे होती आणि तिच्या आईचा फोन आला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, उंच कपाळाची बाई, मागे बांधलेल्या पेट्या. तिने मला पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "टाइप करणारी तूच का?" मी हो म्हणाले. "स्वच्छ केलंस," ती म्हणाली. कन्सल्टंटनी इतकी वर्षं केलेली स्तुती एकीकडे आणि हे एकीकडे.

मग मायलेकी त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या. मी उठून गॅसपाशी गेले. मैत्रिणीने फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"मी विचारलं, आईला भीती वाटते का?" ती म्हणाली. "तर म्हणाली, वाटते ना, फार वाटते. मुलाखतीत त्यांनी इथे राहायची भीती वाटते का ते विचारलं. जायची वाटते का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही खरंच सांगितलं असतं."